कर्करोगाची चिकित्सा : यंत्राची दृष्टी आणि उपचाराची वेळ

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला आहे आणि भोजनाची वेळ जवळ येत आहे. अशा मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय काढणे औचित्याला सोडून आहे, याची मला जाणीव आहे. चिटणीसांनी मला ‘आरोग्यविषयक काहीतरी’ बोलण्यास सांगितले होते. मधुमेहावर बोललो असतो तर पंगतीत जिलबीचा आग्रह थोडा कमी झाला असता, इतकेच. तरीही मी हा विषय घेतला, त्यास कारण आहे. क्ष-किरण विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम करून मी निवृत्त झालो. परंतु ज्ञातीतील कुटुंबांचे दूरध्वनी काही निवृत्त झाले नाहीत. महिन्यातून दोनतीनदा तरी एकच प्रश्न येतो : “डॉक्टरकाका, गाठ निघाली आहे. आधी पेट स्कॅन करून घेऊ का?”

या प्रश्नामागे दोन भावना असतात. एक, यंत्र सर्व काही सांगेल हा विश्वास. आणि दुसरी, वेळ निघून जात आहे ही धास्ती. दोन्ही समजण्यासारख्या आहेत. परंतु या दोहोंचा मेळ नीट घातला नाही, तर जी तपासणी वेळ वाचविण्यासाठी केली तीच वेळ खाऊन बसते. यंत्राने उपचाराची घटका केव्हा अलीकडे येते, केव्हा लांबते आणि केव्हा ती लांबवणेच शहाणपणाचे ठरते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या यंत्रांची थोडी ओळख करून घेऊ. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर पाऊणशे वर्षे आम्हां वैद्यांना शरीराच्या आतली केवळ सावली दिसत होती. सावलीचा गुण असा की पुढचे व मागचे एकाच पडद्यावर पडते. हृदयाच्या मागे दडलेली गाठ त्यामुळे निसटून जाई. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले, आणि शरीराचे आडवे काप करून पाहावे तसे न कापता पाहता येऊ लागले. हाच सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना त्याबद्दल १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करणारा एमआरआय आला. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात, आणि मऊ भाग, म्हणजे मेंदू, जीभ, गुदाशय, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी, हे त्यात सीटीपेक्षा स्पष्ट दिसतात. त्याचे नोबेल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली मिळाले.

पेट स्कॅनची जात मात्र निराळी आहे. सीटी व एमआरआय आकार दाखवितात. पेट व्यवहार दाखविते. कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी सामान्य पेशींहून अधिक साखर खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. या खादाडपणाचा उपयोग करून साखरेसारख्या एका द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडतात व ते शिरेतून देतात. जेथे साखर अधिक ओढली जाते ती जागा चित्रात उजळते. आपल्या देशातील पहिले पेट यंत्र परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली बसले. आणि दोनच वर्षांनी टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट व सीटी एकत्र असलेले यंत्र आले.

या द्रव्याची एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावी. त्यातील फ्लोरीन सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. पहाटे सहाला सायक्लोट्रॉनमधून निघालेला माल आठ वाजण्यापूर्वीच अर्धा उरतो. तो साठवून ठेवता येत नाही. म्हणून ‘साडेनऊला या’ असे सांगितले असता अकराला पोहोचणारा रुग्ण स्वतःची पाळी तर घालवितोच, पण त्याच्या वाट्याचे औषधही हवेत विरून जाते. तसेच चार ते सहा तास उपाशी असणे, रक्तातील साखर आटोक्यात असणे, सुई दिल्यावर तासभर न बोलता स्वस्थ पडून राहणे, हे नियम उगाच केलेले नाहीत. ज्याने सकाळी गोड चहा घेतला, त्याची साखर स्नायूंनी आधीच ओढून घेतलेली असते. मग गाठ अंधुक दिसते आणि तपासणी पुन्हा करण्याची पाळी येते. घोटभर चहापायी आठवडा गेलेला मी पाहिला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. विलंबाने खरोखरच किती बिघडते? याविषयी २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३४ अभ्यासांतील १२ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली असता मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. याचा अर्थ शंभरांतील आणखी आठ दगावतात असा नव्हे. मूळचा जो धोका असेल तो तितक्या प्रमाणात वाढतो, असा आहे. म्हणजे घाबरून आज रात्रीच शस्त्रक्रिया करा म्हणण्याचे कारण नाही, आणि चार महिने निवांत राहण्याचेही नाही. दिवसांनी बहुधा बिघडत नाही, महिन्यांनी बिघडते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे कोणते दिवस खर्चावयाचे आणि कोणते वाचवावयाचे, याचा हिशेब करता येतो.

योग्य तपासणीवर खर्च झालेले दिवस वाया जात नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी आणि आत गेल्यावर रोग पसरलेला आढळावा, किंवा वर्षाच्या आत तो उलटावा, यासारखी दुःखद गोष्ट नाही. हॉलंडमध्ये १८८ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ नेहमीच्या तपासण्या करून शस्त्रक्रिया केली तेव्हा शंभरांपैकी ४१ जणांच्या बाबतीत ती व्यर्थ ठरली. आधी पेट स्कॅन केला तेव्हा हा आकडा २१ वर आला. व्यर्थ शस्त्रक्रिया टळली याचा अर्थ त्या रुग्णाला लागू पडणारा दुसरा उपचार आधी सुरू करता आला. येथे यंत्रासाठी थांबलेला आठवडा कारणी लागला.

दुसरी गोष्ट क्रमाची. तपासण्या त्याच, परंतु पुढेमागे झाल्या तर वेळ बदलते. प्रोस्टेट ग्रंथीचे उदाहरण आपल्या ज्येष्ठ बंधूंना उपयोगी पडेल. रक्तातील पीएसए वाढला की पूर्वी लगेच सुईने तुकडे काढीत आणि मग एमआरआय करीत. सुई टोचल्याने ग्रंथीत रक्त साकळते, आणि ते विरून चित्र स्वच्छ यावयास सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. आता क्रम उलटा झाला आहे : आधी एमआरआय, आणि संशयास्पद जागा दिसली तर नेमक्या त्याच जागेचा तुकडा. ५०० पुरुषांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या नव्या क्रमाने धोक्याचे रोग शंभरांत ३८ जणांत सापडले, जुन्या पद्धतीने २६ जणांत. शिवाय ज्यांना कधीच त्रास झाला नसता असे बारीकसारीक रोग नव्या पद्धतीत कमी सापडले, हाही एक लाभच होय. प्रोस्टेटखेरीज पुष्कळ ठिकाणी मात्र याच्या उलट, तुकडा आधी आणि मोठे स्कॅन मागाहून, हाच क्रम बरोबर असतो. म्हणून क्रम तज्ज्ञाने ठरवावा. शेजारच्या घरी काय केले यावरून आपण ठरवू नये.

तिसरी गोष्ट थोडी विलक्षण वाटेल. कधीकधी थांबणे हाच उपचाराचा भाग असतो. घशाच्या कर्करोगात मानेच्या ग्रंथींत रोग गेला असेल, तर किरणोपचार व औषधे झाल्यावर मानेवर मोठी शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात होता. इंग्लंडमध्ये ५६४ रुग्णांवर एक चाचणी झाली व २०१६ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांची ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया करावयाची होती. उरलेल्यांचा उपचार संपल्यावर बारा आठवडे थांबून पेट स्कॅन केला, आणि रोग उरल्याचा संशय आला तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांतील हयात रुग्णांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. परंतु पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, दुसऱ्यात अवघ्या ५४. हे बारा आठवडे का? किरणोपचारानंतर त्या भागात दाह असतो, आणि दाहाच्या पेशीही साखर ओढतात. चौथ्या आठवड्यात चित्र काढले तर बरी होणारी मानही रोगट दिसेल. अशा वेळी ‘डॉक्टर तीन महिने काहीच करीत नाहीत’ म्हणून आप्तेष्ट दुसरीकडे धाव घेतात आणि घाईने स्कॅन करवून नवी काळजी विकत आणतात.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या मुंबईतीलच आहे. तंबाखू व सुपारी यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. रोग प्रारंभीच्या अवस्थेत असून मानेत काहीही लागत नसेल, तर तोंडातील गाठ काढतानाच मानेतील ग्रंथीही काढाव्यात, की लक्ष ठेवून ग्रंथी उद्भवल्यावर काढाव्यात, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निकाल लावला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. कारण उघड आहे. ग्रंथीत शिरलेला रोगाचा कण मोहरीहून लहान असला तर तो बोटांना लागत नाही आणि यंत्रालाही दिसत नाही. घशाच्या रोगात थांबणे योग्य ठरले. जिभेच्या व गालाच्या रोगात थांबणे महागात पडले. ‘स्कॅन स्वच्छ आहे, मग मानेला हात कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

चौथी गोष्ट अति दिसण्याची. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ ते २०११ या काळात पंधरापट झाले. इतके रुग्ण सापडले, इतक्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. परंतु त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली. म्हणजे जे सापडत होते त्यातील बहुतेक निरुपद्रवी होते. त्यापायी हजारोंना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागल्या, काहींचा आवाज गेला. २०१४ साली तेथील काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला, तेव्हा पुढील वर्षी शस्त्रक्रिया सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. जपानमधील कोबे येथे तर १९९३ पासूनच अशा बारीक गाठींवर शस्त्रक्रिया न करता केवळ नियमाने लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. वाढदिवसानिमित्त आईवडिलांना ‘संपूर्ण शरीराची तपासणी’ भेट देण्याची जी नवी रीत आपल्यात रूढ होत आहे, तिच्याविषयी म्हणूनच मी सावध राहण्यास सांगतो. ज्या तपासणीला प्रश्न नाही, तिच्या उत्तराचा अर्थ लावणे कठीण असते.

स्तनाच्या कर्करोगातही अधिक चित्रे म्हणजे अधिक लाभ, असे नेहमी ठरत नाही. इंग्लंडमधील १,६०० हून अधिक स्त्रियांवरील एका चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआयची भर घातल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मुळीच घटले नाही. दोन्हीकडे ते १९ टक्केच राहिले. हा निष्कर्ष २०१० सालचा. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका कर्करोग-केंद्रातून असे नोंदविले गेले की एमआरआय केलेल्या स्त्रियांचा पूर्वतपासणीचा काळ सुमारे तीन आठवड्यांनी लांबला. काही स्त्रियांना, विशेषतः ज्यांच्या कुळात हा रोग आहे अशांना, ही तपासणी अत्यंत मोलाची आहे. सरसकट सर्वांना नव्हे.

येथवर दूरदूरच्या गोष्टी सांगितल्या. आता घरातील एक सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एका भगिनीची ही हकीकत असून, त्यांच्या अनुमतीने व नाव-गाव वगळून सांगत आहे. त्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका होत्या. वय बावन्न. नवरात्रात स्नान करताना त्यांना स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. पुढे दिवाळी आली, मग पुतण्याचे लग्न आले. घरात कार्य असता आजाराचा विषय नको म्हणून त्या गप्प राहिल्या. नऊ आठवडे असे गेले. त्यानंतर त्या घरच्या डॉक्टरांकडे गेल्या. मॅमोग्राफी व सोनोग्राफी एका आठवड्यात झाली, आणि डॉक्टरांनी सुईने तुकडा तपासण्यास सांगितले.

येथे थोरल्या दिरांनी हरकत घेतली. सुई लावली की गाठ चवताळते व रोग पसरतो, हा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. तेव्हा ‘सुई नको, आधी मोठा स्कॅन’ असे ठरले. पैशाची जुळवाजुळव व तारीख यांत तीन आठवडे गेले. स्कॅनमध्ये स्तनातील गाठ उजळली, काखेतील ग्रंथी उजळली, आणि दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीही उजळल्या. अहवाल वाचून घरात रडारड झाली. छातीत पसरला म्हणजे चौथी पायरी, आता काय उरले, असे म्हणून काहींनी उपचारच करू नयेत असे सुचविले.

शहरातील तज्ज्ञांनी तो अहवाल पाहून एवढेच सांगितले : तुकड्यावाचून उपचार नाही. स्तनाचा व काखेचा तुकडा, आणि गाठ कोणत्या औषधाला दाद देईल याची तपासणी, यांत दोन आठवडे गेले. कर्करोग निश्चित झाला. छातीतील ग्रंथींचा तुकडा श्वासनलिकेत दुर्बीण घालून सुईने घ्यावयाचा होता. त्याला घरचे तयार होईपर्यंत आणि अहवाल येईपर्यंत आणखी तीन आठवडे. तो अहवाल आला, आणि त्यात कर्करोग नव्हता. क्षयाची खूण होती. आपल्या देशात क्षय घरोघर वावरून गेला आहे, आणि क्षयाच्या ग्रंथीही साखर ओढतात. पेट स्कॅनला क्षय व कर्करोग यांतील भेद करता येत नाही. ते जागा दाखविते. रोगाचे नाव तुकड्यानेच कळते.

हिशेब करा. गाठ लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंत अठरा आठवडे गेले. त्यांपैकी सर्व यंत्रांनी मिळून घेतलेला वेळ चार तासांहून अधिक नव्हता. काखेत ग्रंथी असल्याने स्कॅन त्यांना बहुधा करावाच लागला असता. परंतु तुकडा आधी झाला असता, तर स्कॅनची तारीख त्याच आठवड्यात घेता आली असती. उलट, छातीतील तो शेवटचा तुकडा घेतला नसता, तर बरी होण्याजोगी स्त्री असाध्य म्हणून घरी बसविली गेली असती. त्या तीन आठवड्यांनी त्यांचा जीव वाचविला असे मी मानतो. आज त्यांना उपचार संपवून तीन वर्षे झाली असून त्या चांगल्या आहेत.

सुईविषयी स्पष्ट सांगतो. तज्ज्ञाने योग्य रीतीने घेतलेल्या तुकड्याने स्तनाचा कर्करोग पसरतो व रुग्णाचे आयुष्य घटते, या समजास आधार नाही. काही थोड्या ठिकाणच्या गाठींत, उदाहरणार्थ अंडकोशाच्या गाठीत, सुई लावीत नाहीत. पण ते तज्ज्ञांस ठाऊक असते. सुईच्या भीतीने जे आठवडे जातात, त्यांनी मात्र निश्चित नुकसान होते.

आणि त्या पहिल्या नऊ आठवड्यांवर कोणतेही यंत्र उपाय करू शकत नाही. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांचा एक अभ्यास वीस वर्षे चालविला. त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्य-सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, वीज नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तपासणी झालेल्या गटात रोग अलीकडच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. माझा सारा जन्म यंत्रांजवळ गेला. तरी मी आपल्या भगिनींना सांगतो की लवकर तपासून घेतलेला हात हा उशिरा काढलेल्या महागड्या चित्राहून श्रेष्ठ होय. घरातील कार्य कोणासाठी अडत नाही. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असेही समजू नये. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा : “या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. दुसरी, केवळ कागदावरचा अहवाल जपू नये. मूळ चित्रांची तबकडी व फिल्म, आणि बायॉप्सीचे मेणातील ठोकळे व काचपट्ट्या मागून घ्याव्यात. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर त्या नसल्या तर सारे पुन्हा करावे लागते, आणि येथेच पंधरा दिवस जातात. तिसरी, सीटीसाठी शिरेतून औषध द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, आदल्या दिवशीच करून ठेवावी. नाहीतर दारातून परत फिरावे लागते. मधुमेही रुग्णांनी गोळ्यांविषयी आधी विचारावे. चौथी, रुग्णाबरोबर दर वेळी निराळा नातेवाईक पाठवू नये. एकाच माणसाने वही ठेवावी आणि तारीख, डॉक्टरांचे म्हणणे व पुढचे काम त्यात लिहावे. ही वही कित्येकदा रुग्णालयाच्या संगणकाहून उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

शेवटी आपल्या संस्थेविषयी बोलतो, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला हे कबूल करतो. त्या भगिनींचे जे तीन आठवडे स्कॅनच्या जुळवाजुळवीत गेले, त्यांपैकी दोन आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या दाराशी गेले. अर्ज आला तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. साहाय्य समितीची बैठक महिन्याच्या अखेरच्या रविवारी. शिवाय निधीच्या नियमानुसार मदत मिळते ती रुग्णालयाने उपचाराचे अंदाजपत्रक दिल्यावर. निदानाच्या खर्चाला ती लागू नाही. म्हणजे रोग निश्चित झाल्याशिवाय पैसा नाही, आणि पैशावाचून रोग निश्चित होत नाही. अर्ज परत गेला, आणि त्यांनी पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे केले. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. हा नियम ज्या सभेत संमत झाला त्या सभेत मी स्वतः हजर होतो, आणि अनुकूल मत दिले होते. निधीचा गैरवापर होऊ नये, एवढाच विचार त्या वेळी आमच्या मनात होता. दिवसांचा विचार आला नाही. आणि ज्याचा सारा धंदाच या दिवसांशी निगडित होता, त्या माझ्या तरी मनात तो यावयास हवा होता.

म्हणून अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने तीन सूचना ठेवतो. निधीतील काही रक्कम केवळ निदानासाठी, म्हणजे बायॉप्सी व डॉक्टरांनी लिहून दिलेले स्कॅन यांसाठी, वेगळी काढावी; आणि ती दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने दोन दिवसांत देता यावी, समितीने मागाहून मान्यता द्यावी. दुसरी, मुंबई व पुणे येथे राहणाऱ्या ज्या कुटुंबांना बाहेरगावच्या रुग्णाला व एका सोबत्याला आठवडाभर घरी ठेवणे शक्य आहे, त्यांची यादी चिटणीसांनी करावी. पहाटेची सुई आणि एस. टी. ची वेळ यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. तिसरी, महिला शाखेने हळदीकुंकवाच्या निमित्ताने वर्षातून एकदा स्तनांच्या तपासणीसाठी जाणकार परिचारिकेस बोलवावे. यादीतील पहिले नाव माझे घालावे. माझ्या घरी एक खोली मोकळी आहे, आणि जिन्याला कठडा आहे.

आपल्या वाडवडिलांनी ही संस्था काढली ती मुलांच्या शिक्षणासाठी. परीक्षेच्या शुल्काला उशीर होऊ नये म्हणून त्या काळी खजिनदार रात्री घरी जाऊन पैसे पोहोचवीत, असे आम्ही लहानपणी ऐकत आलो. शुल्काची मुदत त्यांना कळत होती. रोगाची मुदत आता आपल्याला कळली आहे. सूचनांचा विचार आजच्या सर्वसाधारण सभेतच व्हावा, अशी विनंती करतो.